गाडीच्या पाठीला डोळा

वाचकहो, कापसाची बंडी घेऊन रात्रीचा बाजारगावी निघणारा आपला धुरकरी बंडीखाली कंदील टांगीत असे. त्याचा उजेड वाटेपुरता तर होताच. पण पाठीमागून येणाऱ्याला आपण दिसावे, हाही हेतू त्यात होता. माणसाच्या पाठीला डोळे नाहीत. तेव्हा मागच्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा, अशी ती रीत होती.

आता बंडीच्या जागी मोटार आली आणि वाटही बदलली. अमरावतीहून मूर्तिजापूर, बोरगाव मंजूवरून अकोल्याकडे जाणारा पूर्वीचा सहा नंबरचा महामार्ग आज त्रेपन्न नंबरचा आहे. याच वाटेवर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातला गेला आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे चाक पळू लागते. गुरुजींनी वर्गात एक गणित घालावे : ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात किती जाईल? उत्तर येईल सुमारे २२ मीटर. मागचा चालक दोन सेकंद मोबाइलकडे पाहतो, तेवढ्यात गाडी ४४ मीटर पुढे आलेली असते. मग धडक बसते, आणि त्यानंतर सुरू होतो तो वाद.

पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखावे, असे २०१७ चे मोटार वाहन चालन विनियम सांगतात. पण धडक बसल्यावर मागचा म्हणतो, “यानंच गाडी मागं घेतली.” कधी म्हणतो, “हा एकदम आडवा घुसला अन् ब्रेक मारला.” रेल्वे फाटकाजवळ किंवा चढावर तर हे अगदी खरे वाटावे असे बोलणे. भोवती जमलेल्या माणसांनी धडकेचा आवाज ऐकलेला असतो, धडक पाहिलेली नसते. आता तुम्ही म्हणाल, आमच्या गाडीत पुढच्या काचेला कॅमेरा आहे की! आहे, पण तो पुढचे पाहतो. मागून काय आले, ते त्याला कोठून कळणार? गाडी मागे घेताना पडद्यावर चित्र दाखवणारा कॅमेराही बहुधा नुसते दाखवतो, टिपून ठेवीत नाही. म्हणून मागच्या काचेला टिपणारा कॅमेरा लावायचा.

असा डोळा काय करू शकतो, याचे एक उदाहरण ऐका. आपल्या शेजारचे लोणारचे विवर उल्कापाताने झाले, पण तो पडताना पाहणारा साक्षी कोणी नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली, ती मात्र कितीतरी मोटारींतल्या कॅमेऱ्यांनी टिपली. अशा चित्रांवरून शास्त्रज्ञांनी तिचा मार्ग काढला. गाडीवाले काही उल्का टिपायला निघाले नव्हते. डोळा उघडा होता, एवढेच.

आता हा डोळा बसवायचा कसा, ते पाहू. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात मधोमध जागा निवडावी. काच पुसणारा वायपर असेल तर तो पुसतो त्या पट्ट्यात कॅमेरा यावा, म्हणजे पावसाळ्यातल्या चिखलाचा पडदा आड येत नाही. काचेवर तापणाऱ्या बारीक आडव्या तारा असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावू नये. ती काढताना तार तुटते. चिकटवण्याआधी काच पुसून कोरडी करावी आणि चित्र पडद्यावर पाहूनच जागा पक्की करावी.

मागच्या कॅमेऱ्याची तार छताच्या अस्तराच्या कडेने पुढच्या कॅमेऱ्यापर्यंत आणावी. मागचे दार वर उघडणारे असेल, तर दार आणि छत यांमधल्या रबरी नळीतून तार ओवावी, थोडी ढिली ठेवावी आणि दार दहा वेळा उघडून-मिटून पाहावे. येथे एक धोका आहे, बरं का. पुष्कळ गाड्यांत छताच्या कडेला आणि खांबांत एअरबॅग असतात. त्यांच्या वाटेत तार आडवी आली तर प्रसंगी पिशवी नीट उघडणार नाही. गाडीचे पुस्तक पाहून तार पिशवीच्या मागून न्यावी. खात्री नसेल तर हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे.

विजेसाठी सिगारेट लायटरचे भोक सर्वांत सोपे. फ्यूजच्या पेटीतून वीज घ्यायची झाल्यास मूळ तार कापू नये, फ्यूजमध्ये बसणारा जोड घ्यावा आणि किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारा फ्यूज निवडावा. नाहीतर रात्रभर कॅमेरा जागा राहतो आणि सकाळी बॅटरी झोपलेली सापडते.

वऱ्हाडातल्या उन्हाची गोष्ट वेगळीच. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीत काचेमागे त्याहून कितीतरी जास्त तापते. लिथियम बॅटरीचा कॅमेरा अशा उन्हात फुगतो. म्हणून सुपरकॅपॅसिटर असलेला घ्यावा आणि गाडी सावलीला लावावी.

आता कार्डाचा हिशेब. दोन्ही कॅमेरे मिळून मिनिटाला २०० मेगाबाइट लिहितात असे धरले, तर ६४ गिगाबाइटचे कार्ड सुमारे सव्वापाच तासांत भरते. मग जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. धक्का बसला की तेवढा तुकडा न पुसता जपण्याची सोय असते. पण ती फार हळवी ठेवली, तर आपल्या गावरस्त्यावरचा प्रत्येक खड्डा म्हणजे अपघात ठरून कार्ड भरून जाते. म्हणून तिचा जोर कमी ठेवावा, सतत लिहिण्यासाठी केलेलेच कार्ड वापरावे आणि महिन्यातून एकदा चित्र नीट येते ना, ते पाहावे. तारीख आणि घड्याळ बरोबर लावणे तर विसरूच नये. चुकीच्या वेळेचा साक्षीदार उलटतपासणीत फार लवकर अडखळतो.

आणि प्रसंग आलाच तर? आधी जखमीला पाहावे. मोटार वाहन कायद्यानेही चालकावर ते कर्तव्य टाकले आहे. मग कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवावे. “घरी गेल्यावर पाहू” म्हणत गाडी चालवीत राहिलात, तर तुमचा पुरावा तुमच्याच प्रवासाखाली पुसला जाईल. कार्डात काटछाट करू नये. पोलिसांना आणि विमा कंपनीला प्रत द्यावी, मूळ कार्ड जपावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. ते वकिलाला विचारून करावे. जखमी माणसाचे चित्र मात्र मोबाइलवर गावभर फिरवू नये. तो कोणाचा तरी बाप, कोणाची तरी लेक असते.

शेवटी एक सांगतो. हा साक्षीदार पैसे आपले खातो, पण बाजू कोणाची घेत नाही. तुम्ही इशारा न देता वळलात, दिवा न लावता थांबलात, तर तेही तो तितक्याच निमूटपणे लिहून ठेवतो. तेव्हा कॅमेरा जरूर लावा; पण निघण्यापूर्वी मागचे लाल दिवे लागतात की नाही, ते गाडीमागे जाऊन एकदा पाहा. धुरकऱ्याचा कंदील अजून विझवायचा नाही.