प्रोटॉनचा किरण ऊसतोड्याच्या लेकरापर्यंत पोहोचेल काय?

अणुबॉम्ब बनविणाऱ्या अमेरिकन प्रकल्पात काम केलेल्या रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञाने 1946 साली मांडले की, प्रोटॉन कणांनी कर्करोगावर उपचार करता येईल. 1954 मध्ये बर्कले येथे तो पहिल्यांदा रुग्णांवर झाला. संहाराच्या विज्ञानातून करुणेची वाट निघाली, याचे मोल आम्हा बौद्धांना वेगळे सांगायला नको.

नेहमीच्या रेडिएशनचे क्ष-किरण गाठ भेदून पलीकडे जातात आणि निरोगी अवयवांनाही इजा करतात. प्रोटॉन ठरविलेल्या खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडतो आणि तिथेच थांबतो. म्हणून मेंदूत किंवा मणक्याजवळ गाठ असलेल्या लहान मुलांसाठी तो मोलाचा. प्रत्येक कर्करोगाला त्याची गरज नसते. पुष्कळांना साधे रेडिएशन पुरते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

भारतात हा उपचार 2019 साली चेन्नईच्या अपोलो या खाजगी रुग्णालयात आला. 2023 मध्ये टाटा स्मारकाच्या खारघर केंद्रात तो सरकारी पैशातून सुरू झाला. याचा आम्हाला अभिमान आहे. पण खरा प्रश्न पुढेच आहे. हा उपचार आठवड्यातून पाच दिवस, बहुधा पाच-सहा आठवडे चालतो. बीडची ऊसतोड करणारी माय लेकराला घेऊन दीड महिना नवी मुंबईत राहणार कुठे? खाणार काय? बुडालेली मजुरी कोण देणार? मुकादमाची उचल कशी फिटणार?

पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली बजावले की, तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. अनुच्छेद 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानतो. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूर खात्याचे सदस्य असताना कामगारांच्या आरोग्यविम्याचा पाया घातला गेला. आजारपणात मजुरी बुडते, ती भरून देणे हाही उपचाराचाच भाग, हा त्यामागचा विचार होता.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गरजू बालकांचा प्रोटॉन उपचार पूर्ण मोफत असावा. सोबतच्या पालकाला निवारा, जेवण, प्रवासखर्च आणि बुडीत मजुरी मिळावी. जिल्ह्याजिल्ह्यांत साध्या रेडिएशनची सोय व्हावी. यंत्र जनतेचे आहे, तर रांग गरजेनुसार लागली पाहिजे, खिशानुसार नव्हे. ही भीक नव्हे, घटनेने दिलेला हक्क आहे. तो मागायला आपण संघटित झालेच पाहिजे.