मुंबईच्या नावाचा रक्तगट

एका दुर्मीळ रक्तगटाला थेट आपल्या शहराचं नाव आहे: 'बॉम्बे ब्लड ग्रुप'! १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद केली. हे रक्त चाचणीत 'ओ'सारखं दिसतं, पण अशा माणसाला 'ओ' रक्तही चालत नाही.

असं का, याचं उत्तर टप्प्याटप्प्यानं मिळालं. 'ए' आणि 'बी' ही चिन्हं 'एच' नावाच्या पायावर उभी राहतात, आणि 'ओ' रक्तात नुसता हा पाया असतो. बॉम्बे गटात पायाच नाही! त्यामुळे या गटाच्या माणसांच्या शरीराला 'एच' परका वाटतो आणि ते त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं.

पुढे १९९० मध्ये पाया घालणारं जनुक वेगळं काढता आलं. एफयूटी१ हे त्याचं नाव. ते फ्यूकोज ही साखर जोडणारं विकर बनवतं. भारतीय बॉम्बे गटात बहुधा याच जनुकात एका अक्षराचा बदल आढळतो.

भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक असं याचं प्रमाण सांगतात. बोरिवली असो वा मुलुंड, रक्तदान करणाऱ्या 'ओ' गटाच्या मंडळींनी आपल्या रक्तात 'एच' आहे ना हे पाहणाऱ्या 'अँटी-एच' चाचणीबद्दल रक्तपेढीत जरूर विचारावं.