विहिरीतली युरियाची गोणी

धाराशिवच्या नळाला उजनी धरणाचे पाणी येते, शंभर किलोमीटरहून लांबून. त्या उजनीत पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उतरलेले असते. धाराशिवकर ते वापरून गटारीत सोडतो. तिथून भोगावती, मग सीना, आणि सीनेतून पुन्हा भीमा. या फेऱ्यात काही पाणी वाटेतच मुरते. शोषखड्ड्यांतून आणि गळक्या गटारींतून ते शहराखालच्या खडकात शिरते.

आपला काळा पाषाण पाणी गाळत नाही. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. मैल्याचे पाणी भेगेत शिरले की विहीर गाठायला त्याला वेळ लागत नाही. इस्रायलमध्ये तेल अवीवचे सांडपाणी शाफदान केंद्रात शुद्ध करून वाळूच्या थरांत मुरवतात, विहिरींनी पुन्हा उपसतात आणि नेगेवच्या शेतांना देतात. तिथे जमीनच गाळणी आहे. आपल्या बालाघाटाच्या डोंगरपठारावर ही नक्कल चालायची नाही.

मग काय करावे? आधी हे ठरवावे, की पाणी कोणासाठी शुद्ध करायचे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको. पण मैल्यातून विहिरीत उतरलेले तेच नायट्रेट पिकाचे खत आहे. 90 मिलिग्रॅम नायट्रेट असलेले दहा लाख लिटर पाणी हेक्टरभर रानाला दिले, तर वीस किलो नत्र आपसूक पडते. म्हणजे युरियाची जवळपास एक गोणी! ती काढून टाकायला आरओ बसवणे म्हणजे पैसे देऊन खत फेकणे. शिवाय आरओतून उरलेले खारे पाणी टाकायचे कुठे? इथे समुद्र नाही.

पिकाचा खरा वैरी वेगळा. सोडियम जास्त असले की काळी माती चोपण होते, वर पाणी साचते, खाली मुरत नाही. क्लोराइडने द्राक्षाच्या पानांच्या कडा करपतात. जंतू असले तर पालेभाजीला पाणी देऊ नये. ऊस, चारा किंवा तुतीला चालते. त्यामुळे शहराचे केंद्र साधे असावे: जाळी, गाळ बसवण्याची टाकी, हवा देऊन मैला खाणारे जिवाणू, वाळूची गाळणी, शेवटी क्लोरीन. नाल्याकाठच्या दूषित विहिरींचे पाणी उपसून त्याच टाकीत घ्यावे. मात्र आधी गटारी बांधून शुद्धीकरणाशी जोडायला हव्यात, नाहीतर उपसा कधीच संपायचा नाही.

हिशेब धरा. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती एक लाख दहा हजारांच्या वर होती. माणशी 135 लिटर आणि त्यातले ऐंशी टक्के गटारीत, असे मानले तर दिवसाला सव्वा कोटीच्या आसपास लिटर होतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात निम्मेच धरा. तरी हेक्टरी दहा लाख लिटरच्या पाळीने रोज सहा हेक्टर भिजतील.

पुण्याने मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे उपसा विहीर, बांधून मुळा-मुठेचे पाणी ‘बेबी’ नावाच्या कालव्यात सोडले, सिंचनासाठीच. पाणी नीट शुद्ध होत नाही, ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. नुसता पंप बसवला की केंद्र झाले, असे होत नाही.

तुमची विहीर नाल्याच्या अंगाला असेल तर पाणी तपासायला देताना नायट्रेटच्या आकड्यावर थांबू नका. सोडियम आणि क्लोराइडही मोजून मागा.