संगणकीय खेळ : हत्यारांची पेटी की बांधलेले घर?

संगणकावरील खेळ रचणाऱ्यास प्रथम साधन निवडावे लागते. लायब्ररी म्हणजे हत्यारांची पेटी. चित्र उमटविणे, ध्वनी वाजविणे, दाबलेली कळ ओळखणे एवढे ती करते. घर स्वतःच बांधावयाचे. इंजिन हे बांधलेलेच घर. त्रिमिती खेळ पेटीवर रचू पाहणाऱ्या एकट्याची वर्षे खर्ची पडतील. पत्त्यांच्या ‘बलात्रो’ला (२०२४) मात्र ‘लव्ह’ ही चिमुकली पेटी पुरली.

परंतु घरास बहुधा मालक असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘युनिटी’ने ठराविक मर्यादेपलीकडे खेळाच्या प्रत्येक नव्या स्थापनेमागे शुल्क जाहीर केले आणि रचनाकार हवालदिल झाले. वर्षभराने ते रद्द झाले, हे खरे. ‘गोडो’सारखे मुक्त घरही आहेच. पेटीही अमर नव्हे : मायक्रोसॉफ्टने वाऱ्यावर सोडलेल्या ‘एक्सएनए’वर रचलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०२१ साली मुक्त अशा ‘मोनोगेम’वर न्यावा लागला.