कोलार रोडवरची शिकवणी

भोपाळच्या दक्षिणेला कोलार रोड लागतो. आधी चूना भट्टी, मग कलियासोत नदी, आणि पुढे वसाहतींमागून वसाहती. रस्त्याला जिचं नाव मिळालं ती कोलार नदी नर्मदेला मिळते. तिच्यावरचं धरण शेजारच्या सीहोर जिल्ह्यात आहे आणि भोपाळच्या कितीतरी घरांत पिण्याचं पाणी तिथून येतं. याच रस्त्यावर, चूना भट्टीच्या भागात, ‘संगाथ’ या संशोधन संस्थेचं भोपाळ केंद्र आहे. त्याचंही बरंचसं काम सीहोरशीच बांधलेलं आहे. जिथे मनोविकारतज्ज्ञ पोचत नाही, त्या गावातल्या खचलेल्या माणसाशी बोलायचं कोणी, आणि कसं बोलायचं हे त्या बोलणाऱ्याला शिकवायचं कोणी, हा या केंद्राच्या अभ्यासाचा गाभा.

प्रश्न किती मोठा आहे ते बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसतं. देशात सुमारे १५ कोटी लोकांना मानसिक आजारासाठी मदतीची गरज आहे आणि नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच अहवालात राज्यवार मनोविकारतज्ज्ञांचे आकडे आहेत. केरळात लाखामागे १.२, मध्य प्रदेशात ०.०५. म्हणजे वीस लाख माणसांमागे एक डॉक्टर. सीहोर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तेरा लाखांच्या वर होती. या हिशेबाने अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला एक पुरा तज्ज्ञही येत नाही.

भोपाळला ही टंचाई नवी नाही. १९८४ च्या डिसेंबरातल्या वायुदुर्घटनेनंतर दवाखान्यांसमोर जी रांग लागली, तिच्यात डोळे आणि फुप्फुसं जळालेल्यांबरोबर झोप उडालेले, धसका घेतलेले, घरातली माणसं गमावून सुन्न झालेलेही होते. तेव्हा निम्हान्सच्या डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅसग्रस्त भागातल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरांना मानसिक त्रास ओळखायला आणि त्यावर प्राथमिक उपचार करायला शिकवलं. तज्ज्ञ पुरत नाही तेव्हा जवळ आहे त्याला शिकवायचं, ही रीत या शहराने अशा भयंकर किमतीवर पाहिलेली आहे. आजच्या कामाकडे बघताना मला त्या प्रशिक्षणाचं, १९८५ चं वर्ष आठवतं. कोलार रोडवरचं संशोधन त्याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकतं. शिकायला बसते ती आता डॉक्टर नसते, गावची आशा कार्यकर्ती असते.

आशाला जो बोलण्याचा उपचार शिकवला जातो, त्याची घडण गोव्यात झाली. संगाथची स्थापना १९९६ मध्ये गोव्यातच झाली, डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत या मंडळींनी ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ नावाची एक छोटी समुपदेशन पद्धत तपासून पाहिली. मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटायचे. पद्धतीमागचा विचार सरळ आहे. माणूस खचला की एकेक काम सोडतो. शेजारणीकडे जाणं बंद होतं, भजनाला जाणं बंद होतं, शेतावरची फेरी बंद होते. कामं सुटली की मन आणखी खचतं. ही साखळी कुठेतरी तोडायची, म्हणून समुपदेशक आणि रुग्ण मिळून अगदी लहान, जमेल असं एक काम ठरवतात, ते झालं का ते पुढच्या भेटीत बघतात, आड काय आलं ते बोलतात. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या चाचणीचे निकाल आले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के तीन महिन्यांत आजारातून बाहेर आले; केवळ नेहमीच्या, थोड्या सुधारलेल्या देखभालीवर असलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. वर्षभरानंतर पाहिलं तरी फायदा टिकून होता.

एवढं हाती असताना अडलं कुठे? शिकवण्यापाशी. गोव्यात मूठभर समुपदेशकांना तज्ज्ञांनी समोर बसवून तयार केलं. देशात आशा आहेत दहा लाखांच्या घरात. त्यांना गावोगावहून तालुक्याला आणून, दिवसेंदिवस वर्गात बसवून शिकवायला तितके शिक्षकच नाहीत.

मध्यंतरी दोन कामं झाली होती आणि दोन्हींत संशोधक डॉ. राहुल शिधये होते. एक विदर्भातलं ‘विश्राम’. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या भागातल्या ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल उघड बोलायला सुरुवात केली आणि मदत घेणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. दुसरं ‘प्राइम’. भारत, नेपाळ, इथिओपिया, युगांडा आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांत २०११ पासून ते चाललं. भारतात त्यासाठी सीहोर जिल्हा निवडला गेला. सरकारी आरोग्य केंद्रांत ‘मन कक्ष’ नावाची खोली उघडायची आणि तिथे बोलायला माणूस बसवायचं, असं त्याचं रूप होतं. खोली झाली, पण गावातून तिथवर यायचं तर बसभाडं, बुडालेली मजुरी आणि लोक काय म्हणतील ही धास्ती, तिन्ही वाटेत येतात. म्हणून पुढचा विचार आशा दीदीपर्यंत आला. तिला घर माहीत असतं, घरातली सून माहीत असते, आणि ती कोणाच्या ओसरीवर बसली तर कोणी भुवई उंचावत नाही.

‘एसेन्स’ हा प्रकल्प इथून सुरू होतो. हार्वर्डमधले जॉन नॅसलंड आणि विक्रम पटेल, भोपाळमध्ये डॉ. अनंत भान आणि त्यांची तरुण तुकडी. भान पूर्वी बरीच वर्षं पुण्यात होते. सार्वजनिक आरोग्य आणि संशोधनातली नीती हा त्यांचा अभ्यासविषय. या गटाने गोव्याचा तो अभ्यासक्रम हिंदीत, स्मार्टफोनवर बघता येईल अशा चित्रफितींत आणला. समुपदेशक आणि रुग्ण यांच्या भेटी अभिनयातून दाखवल्या, बोलीतले शब्द सीहोरच्या कार्यकर्त्यांकडूनच तपासून घेतले.

मग आधी छोटी चाचणी झाली. तिचे निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि मला ते या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटतात. ४२ कार्यकर्त्यांचे तीन गट केले. एक वर्गात शिकला. दुसऱ्याला फोनवरचा अभ्यासक्रम दिला आणि आपापलं शिकायला सांगितलं. तिसऱ्याला तोच अभ्यासक्रम दिला, पण मधूनमधून फोन करून विचारपूस करणारा, अडलेलं सोडवणारा एक प्रशिक्षकही दिला. आपापल्या बळावर शिकणाऱ्या गटात गळती सर्वाधिक झाली. विचारपूस होत असलेल्या गटात ती कमी होती. वर्गात बसलेल्या गटात ज्यांनी सुरुवात केली त्या शेवटपर्यंत टिकल्या. आकडे लहान आहेत, पण संशोधकांनी ते न लपवता मांडले आणि पुढची मोठी चाचणीही हीच तीन रूपं समोरासमोर ठेवून आखली. तंत्रज्ञानाच्या बाजूने निधी मिळवलेल्या माणसांनी तंत्रज्ञान एकटं कमी पडतं हे लिहून ठेवावं, याला मी खरं संशोधन म्हणते.

कारण उलट दिशेचा अनुभव आपल्याकडे महाराष्ट्रात ताजा आहे. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला आणि अंगणवाडी सेविकांनी मुलांची वजनं-उंच्या फोनमध्ये भराव्यात असा हुकूम निघाला. दिलेले फोन तापत, अडकत, ॲप इंग्रजीत. त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी ‘मोबाईल वापसी’ आंदोलन केलं आणि सरकारचे फोन सरकारला परत केले. आशाताई आणि गटप्रवर्तकही ऑनलाइन कामाच्या बोजाबद्दल सतत बोलत आल्या आहेत. या बायकांना फोनचं वावडं नाही. घरी मुलांचा अभ्यास त्या फोनवरच घेतात. तक्रार आहे ती फोन कोणासाठी काम करतो याची. एका प्रकारचं ॲप बाईकडून माहिती वर खेचतं आणि तिच्या हातात काहीच ठेवत नाही. दुसऱ्या प्रकारचं तिच्या हातात एक कसब ठेवतं, जे उद्या प्रकल्प संपला तरी तिचंच राहतं. आरोग्यातल्या डिजिटल कामाची पारख मी याच कसोटीवर करते, आणि कोलार रोडवरचं काम तिथे उजवं ठरतं.

नाशिक जिल्ह्यातल्या ‘आत्मीयता’चं नाव इथे घेतलंच पाहिजे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने, डॉ. सौमित्र पाठारे यांच्या पुढाकाराने, ४१ गावांत ते केलं. गावातलेच स्वयंसेवक फोनवर लहान चित्रपट दाखवत. दारू, बेकारी, घरातली मारहाण हे त्यांचे विषय. चित्रपट संपला की बोलणं निघे. हेच स्वयंसेवक लोकांना निवृत्तिवेतन आणि अपंगांच्या योजनांचे अर्ज भरायलाही मदत करत. विधवेचं मन हलकं करायचं आणि तिचं अडलेलं पेन्शन मात्र तसंच ठेवायचं, असा उपचार अर्धाच.

कोलार रोडच्या केंद्राचं दुसरं काम अधिक नाजूक आहे. बॉस्टन, बंगळुरू आणि भोपाळ अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनी ‘माइंडलॅम्प’ हे ॲप वर्षभरापर्यंत वापरलं. भोपाळमध्ये एम्सची साथ होती. माणूस किती हिंडतो-फिरतो, फोनचा पडदा कधी उजळतो, अशा खुणा ॲप टिपत राहतं आणि नेहमीची लय मोडली की नोंद करतं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: आजार उलटण्याआधीच्या महिन्यात अशा विसंगती २.१२ पट जास्त दिसल्या. घरच्यांना चार दिवस आधी सावध होता आलं तर रुग्णालयात दाखल होणं टळू शकतं. हे मोठंच आहे.

पण माणूस रात्री कुठे होता हे फोन कोणाला सांगतो? एकच फोन घरात चौघं वापरत असतील तर संमती कोणाची? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदाही आला. तरीही भोपाळमध्ये हा प्रश्न कायद्याच्या कलमांपुरता राहत नाही. गॅसपीडितांवर औषधांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांना त्याची धड कल्पनाही दिली गेली नव्हती, हा वाद या शहराने पाहिला आहे. इथल्या संशोधन गटात नीतीचा अभ्यासक सुरुवातीपासून बसलेला असावा, हे म्हणूनच मला अत्यावश्यक वाटतं.

पैशाचं मात्र अजून कोणी नीट सोडवलेलं नाही. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका. लसीकरणाला इतके, प्रसूतीला इतके, असा तिचा मोबदला. खचलेल्या बाईजवळ पाऊण तास बसण्याचा दर त्या यादीत नसेल, तर तो पाऊण तास ती आपल्या स्वयंपाकातून आणि झोपेतून काढणार. संशोधन प्रकल्प असेतो ते निभतं, पुढे सरकारला तो दर ठरवावा लागेल.

आणि देखरेख. गोव्यात समुपदेशक रुग्णाच्या परवानगीने भेटीचं ध्वनिमुद्रण करत, मग आठवड्याला एकत्र बसून ते ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकींना गुण देत. कुठे घाईने सल्ला दिला, कुठे रुग्ण बोलायला लागला असताना आपणच तोंड उघडलं, हे त्या स्वतः पकडायला शिकल्या. त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात हेही तपासून झालं. ध्वनिमुद्रण करायला आणि ते दूरच्या मैत्रिणीला ऐकवायला साधा फोन पुरतो. इछावर किंवा आष्टा तालुक्यातल्या चार आशांनी आपापल्या गावातून अशी बैठक भरवायची, तर त्यांना लागेल तो आठवड्यातला एक मोकळा तास आणि त्या तासाची मजुरी.