हरवलेला चेंडू
गोल्फ खेळातील एक नियमसंज्ञा. खेळाडूने वा त्याच्या कॅडीने शोध सुरू केल्यापासून तीन मिनिटांत न सापडलेला चेंडू हरवलेला मानतात. २०१८ अखेरपर्यंत ही मुदत पाच मिनिटांची होती. खेळ रेंगाळू नये म्हणून २०१९ पासून ती कमी करण्यात आली. मुदतीनंतर चेंडू अगदी पायाशी आढळला, तरी तो खेळता येत नाही. खेळाडूस एका फटक्याचा दंड होतो व मागील फटका जेथून मारला, तेथूनच पुन्हा खेळावे लागते. म्हणजे अंतरही वाया जाते. शिक्षा कठोरच होय. ही परतफेरी टाळण्यासाठी, चेंडू हरवल्याचा संभव दिसताच, शोधास निघण्यापूर्वी तात्पुरता चेंडू मारून ठेवतात. मात्र तो तात्पुरता असल्याचे आधी स्पष्ट सांगावे लागते. न सांगितल्यास तोच दंडासह खेळातील चेंडू ठरतो आणि पहिला लगेच सापडला, तरी निरुपयोगी होतो.