मुळा-मुठेतील गळाची मासेमारी

पुण्याच्या मुळा-मुठेत गळाने धरले जाणारे मासे मुख्यतः कार्प कुळातील असून, या कुळातील माशांच्या जबड्यांत दात नसतात. घशातील हाडांवरच्या दातांनी ते अन्न रगडतात आणि आमिष आधी ओठांनी चाचपून मग तोंडात ओढून घेतात, म्हणूनच गळ लहान, दोरी बारीक आणि कणकेची गोळी मऊ असावी लागते. याच कुळातील महसीर, म्हणजे मोठ्या खवल्यांचा व ओठांजवळ स्पर्शासाठी मिशा असणारा मासा, कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये ‘खुद्री’ या जातिनामाने शास्त्रात नोंदवला आणि त्याचे नमुने पुण्याच्या पूर्वेस याच नदीत मिळाले होते, ही गोष्ट पुणेकरांना अभिमानाची वाटायला हवी. महसीरला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि खडकाळ तळ लागतो. धरणांनी प्रवाह अडल्यावर व सांडपाणी मिसळल्यावर शहरातील पात्रात त्याऐवजी तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतील, कमी प्राणवायूतही तगणारा मासा गळाला लागतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले आहे. तथापि, प्रवाह स्वच्छ झाल्याखेरीज ती पिल्ले शहरातील पात्रात तगणे कठीण आहे.